हातमोज्यातली बकरी

दर वर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन येतो. त्या दिवशी आम्ही शिक्षक मंडळी मुलांना ठरलेली माहिती देतो. साल १८४३, सांगली संस्थान, राजे चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन, विष्णुदास भावे आणि ‘सीतास्वयंवर’. उत्तर कानडातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ राजेसाहेबांना आवडला, तसं काही आपल्या भाषेत व्हावं असं त्यांना वाटलं, आणि विष्णुदासांनी ते करून दाखवलं. भाव्यांच्या नाटकातले राक्षस आरोळ्या ठोकत यायचे म्हणून त्या नाटकांना पुढे ‘अललडुर्र’ म्हणून चिडवलं गेलं, हे सांगितलं की मुलं खूश होतात. तास संपतो.

एक गोष्ट मात्र बहुतेक वेळा राहून जाते. हेच विष्णुदास भावे बाहुल्याही करत. लाकडाच्या, दोरीवर चालणाऱ्या, कळसूत्री. काळाच्या ओघात खिळखिळ्या झालेल्या त्यांच्या या बाहुल्या रामदास पाध्ये यांनी दुरुस्त केल्या आणि पुन्हा लोकांसमोर खेळवल्या. म्हणजे मराठी नाटकाचा जनक म्हणून ज्यांचं नाव आपण घेतो, त्यांच्या हाताला लाकूड, पटाशी आणि दोरा यांचीही सवय होती.

माझं माहेर मिरजेचं. सांगलीपासून जेमतेम दहा किलोमीटर. भावे सांगलीत नाटक उभं करत होते त्याच शतकात मिरजेत आमचे शिकलगार हत्यारांना धार लावण्याचा धंदा बसत चालला म्हणून सतारी-तंबोऱ्यांकडे वळत होते. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं पहिलं मोठं नाव. तलवारीला धार लावणारे हात भोपळा कोरायला लागले. त्या तंबोऱ्यांशिवाय पुढच्या संगीत नाटकाची आणि मैफलीची कल्पना करून बघा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. रंगभूमीचा इतिहास सांगताना आपण लेखक, नट आणि राजे सांगतो. सुतार, शिंपी, शिकलगार, रंगारी हे कारागीर त्यात कुठेतरी पडद्यामागे राहतात, आणि त्यांत मुसलमान बरेच असतात.

पण आजचा विषय सतार नाही, बाहुली आहे. तीही कळसूत्री नव्हे, हातात घालायची.

बाहुल्यांचे ढोबळ चार प्रकार. दोरीच्या, काठीच्या, सावलीच्या आणि हातमोज्याच्या. मराठी मुलखाला पहिला आणि तिसरा प्रकार जुना माहीत आहे. ज्ञानेश्वरीत दोरीवर नाचणाऱ्या बाहुलीचा दृष्टांत येतो, म्हणजे तेराव्या शतकातल्या श्रोत्याला हा खेळ समजावून सांगावा लागत नव्हता. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळींनी कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या सावल्या आणि चित्रकथीच्या पोथ्या आजवर सांभाळल्या. त्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री जाहीर झाली. नाटकातल्या ‘सूत्रधार’ या शब्दावरून, संस्कृत नाटकच मुळात बाहुल्यांच्या खेळातून निघालं असावं, असा तर्क पिशेल नावाच्या जर्मन पंडिताने केला होता. सगळ्या विद्वानांना तो पटला नाही. मला स्वतःला त्या वादापेक्षा शब्दातला दोरा जास्त आवडतो.

हातमोज्याची बाहुली यांच्या मानाने गरीब. तिला मंच लागत नाही, दोऱ्या लागत नाहीत, दिवा लागत नाही. लखनौ आणि अवधच्या गल्ल्यांत ‘गुलाबो-सिताबो’ नावाच्या दोन भांडखोर बायका पिढ्यान् पिढ्या अशा हातांवर नाचल्या. कधी त्या सवती असत, कधी नणंद-भावजय. एकाच माणसाच्या उजव्या हातावर एक, डाव्या हातावर दुसरी. २०२० ला याच नावाचा सिनेमा आला तेव्हा अनेकांना ही नावं पहिल्यांदा कळली. केरळात आणि ओडिशातही हातबाहुलीच्या परंपरा आहेत. आपल्याकडे ही बाहुली आली ती मुख्यतः शाळेच्या दारातून. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं आणि मुलांसाठी वेगळी रंगभूमी असते हे मराठी पालकांना मान्य झालं. त्यानंतर शिबिरं, शिक्षक-प्रशिक्षणं, ‘शैक्षणिक साधन’ म्हणून भरलेली प्रदर्शनं, अशा वाटेने हातबाहुली वर्गात शिरली. १९७९ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राने देशभरातल्या शिक्षकांना बाहुल्या करायला शिकवलं. बी.एड.ला असताना आम्ही सगळ्यांनी जुन्या पायमोज्याची एखादी बाहुली केलेली असतेच. पाठ झाला, मार्क मिळाले की ती कपाटावर धूळ खात पडते.

मी साताऱ्यात उर्दू आणि मराठी शिकवते. काही वर्षांपूर्वी आम्ही पाचवी-सहावीच्या मुलांना घेऊन एक छोटं बाहुलीनाट्य बसवलं. गोष्ट होती ‘अब्बू खाँ की बकरी’. उर्दू शाळेत शिकलेल्या कुणालाही ती माहीत असते. मराठी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. अल्मोड्याच्या डोंगरात अब्बू खाँ नावाचा म्हातारा राहतो. त्याला बकऱ्या पाळायचा षोक, पण त्याच्या बकऱ्या दोरी तोडून डोंगरात पळतात आणि लांडगा त्यांना खातो. शेवटी तो एक देखणी बकरी आणतो, तिचं नाव चांदनी. तिलाही डोंगर हवा असतो. अब्बू खाँ तिला कोठडीत बंद करतो, ती खिडकीतून निघून जाते. दिवसभर मनसोक्त हुंदडते. संध्याकाळी लांडगा येतो. आपण जिंकणार नाही हे चांदनीला कळतं, तरी ती रात्रभर शिंगं रोखून लढते. पहाटे खालच्या मशिदीतून अजान येते तेव्हा ती कोसळते. झाडावरची पाखरं वाद घालतात की कोण जिंकलं. बहुतेक म्हणतात लांडगा. एक म्हातारं पाखरू म्हणतं, चांदनी.

ही गोष्ट लिहिली डॉ. झाकिर हुसेन यांनी. मूळ धागा अल्फोंस दोदे या फ्रेंच लेखकाचा, पण चांदनी, अब्बू खाँ, अजान आणि ती वाद घालणारी पाखरं हे सगळं झाकिर साहेबांचं.

आमची चांदनी मुलांनीच केली. डोकं कागदाच्या लगद्याचं. रद्दी पेपरचे तुकडे दोन दिवस भिजवले, कुटले, मैद्याची खळ घातली, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद मी स्वतः टाकला, कारण ते विषारी असतं आणि मुलांच्या हातात द्यायचं नसतं. अंग पांढऱ्या जुन्या स्वेटरचं. एका मुलाच्या चाचांचं शिलाईचं दुकान आहे, त्यांनी कातरण दिलं आणि टीपही मारून दिली. शिंगं पुठ्ठ्याची. लांडगा मात्र घोंगडीचा. आमच्या जिल्ह्यातल्या माण-खटावात आणि सांगलीच्या जतकडे लांडगा हा पुस्तकातला प्राणी नाही. मेंढरं राखणाऱ्या घरातल्या पोरांना तो ठाऊक असतो. अशाच एका मुलाने घरातल्या फाटक्या घोंगडीचा तुकडा आणला. त्या काळ्या खरखरीत लोकरीला रंग द्यायची गरजच पडली नाही.

भाषेवरून वर्गात बरीच वादावादी झाली. अब्बू खाँ आपल्या घरच्यासारखं दखनी बोलेल, पाखरं मराठी बोलतील, इथपर्यंत सगळे एकमत. लांडग्याला कुठली भाषा द्यायची? कुठलीही दिली तरी कुणाला तरी वाईट वाटणार हे अकरा वर्षांच्या पोरांना बरोबर कळलं होतं. शेवटी त्याला मुकाच ठेवला.

तालीम सुरू असताना एका मुलीची दादी शाळेत आली. मुलगी बकरी घरी घेऊन गेली होती, शिंगं चिकटवायला. दादीने ती रुमालात गुंडाळून परत आणली होती. रागावलेली नव्हती, काळजीत होती. म्हणाली, “टीचर, बुरा मत मानो. ये घर में रखे तो फरिश्ते नहीं आते बोलते. बच्ची को गुनाह होएंगा क्या?”

मी म्हटलं, “दादी, बैठो. चाय पिओ पहले.”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या समाजातली कितीतरी मुलं चित्रकला, मातीकाम, नाटक यांच्या तासाला मागच्या बाकावर सरकतात ती याच प्रश्नामुळे. घरात कुणी मारत नाही, ओरडत नाही. फक्त “आपल्यात चालत नाही” एवढं म्हटलं जातं. आणि मग स्नेहसंमेलनाच्या फोटोत आपली मुलं प्रेक्षकांत दिसतात. मी मुफ्ती नाही, शिक्षिका आहे. पण दादीला मी जे सांगितलं ते कुठल्याही मदरशातल्या उस्तादाला विचारून पडताळता येईल.

तस्वीर करणाऱ्यांना कयामतच्या दिवशी आपल्या कृतीत जीव घालायला सांगितलं जाईल, ही हदीस आहे, आणि दादीच्या मनात तीच होती. पण त्याच बुखारी आणि मुस्लिमच्या संग्रहांत हजरत आयेशांची हदीस आहे. त्या पैगंबरांच्या घरात बाहुल्या खेळत. मैत्रिणी यायच्या. पैगंबर आत आले की त्या मुली लाजून दडायच्या, आणि ते त्यांना परत खेळायला पाठवायचे. अबू दाऊदच्या संग्रहात तर पूर्ण प्रसंग आहे. घरातल्या फळीवर पडदा होता. वाऱ्याने तो सरकला आणि मागच्या बाहुल्या दिसल्या. त्यांच्यामध्ये एक घोडा होता, त्याला चिंध्यांचे दोन पंख. पैगंबरांनी विचारलं, हे काय? घोडा. आणि घोड्यावर हे काय? पंख. घोड्याला पंख असतात का? तेव्हा आयेशा म्हणाल्या की सुलेमानच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकलं नाही का? यावर पैगंबर इतके हसले की त्यांच्या दाढा दिसल्या.

मी हा प्रसंग अनेकदा वाचला होता. शाळेतल्या त्या खुर्चीवर बसून दादीला सांगताना पहिल्यांदा लक्षात आलं की यात पडदा आहे, पडद्यामागे बाहुल्या आहेत, चिंधीचा प्राणी आहे, बघणारा प्रश्न विचारतो आहे आणि मुलगी त्या प्राण्याच्या वतीने हजरजबाबी उत्तर देते आहे. बाहुलीनाट्याला आणखी काय लागतं?

दुसरी हदीस रुबय्या बिन्त मुअव्विज यांची. आशुऱ्याचा रोजा लहान मुलांनाही ठेवायला लावत, त्या काळच्या मदिनेतल्या आया काय करत, ते त्या सांगतात. लोकरीची खेळणी करून ठेवायच्या. पोर भुकेने रडायला लागलं की ते खेळणं हातात द्यायच्या, इफ्तारची वेळ होईपर्यंत. लोकरीची. आमची बकरी जुन्या स्वेटरची होती.

उलेमांमध्ये या विषयावर मतभेद आहेत आणि ते लपवायचं कारण नाही. आयेशांची हदीस सुरुवातीच्या काळातली असून नंतर ती मुभा राहिली नाही असं मानणारे आहेत. पण काझी इयाझ यांनी बहुसंख्य फुकहांचं मत मुलांच्या बाहुल्यांना परवानगी देणारं असल्याचं नोंदवलं आहे, आणि इब्न हजर अस्कलानी यांनी बुखारीवरच्या आपल्या भाष्यात ते दिलं आहे. पूजेची मूर्ती वेगळी आणि पोराचं खेळणं वेगळं, हा फरक त्यांना दिसत होता. तो आपल्या गल्लीत का दिसेनासा झाला, हा मला पडलेला प्रश्न आहे.

कारण मुसलमान जगात बाहुली कुठे नव्हती? तेराव्या शतकात मोसुलहून कैरोला आलेला इब्न दानियाल हा डोळ्यांचा हकीम होता आणि सावल्यांच्या खेळांसाठी नाटकं लिहायचा. त्याची तीन नाटकं आजही उपलब्ध आहेत, आणि ती सभ्य घरात मोठ्याने वाचण्यासारखी नाहीत. साधारण त्याच शतकातल्या इब्न अरबींनी याच खेळाचा दृष्टांत दिला: पोरं त्यात रमतात, गाफील माणूस करमणूक म्हणून बघतो, आणि जाणत्याला पडद्यामागे हलवणारा कोण ते आठवतं. उमर खय्यामच्या नावावरच्या एका रुबाईत आपण सगळे बाहुल्या आणि आकाश बाहुलीवाला आहे. ज्ञानेश्वरीतला दोरा आणि हा दोरा शेजारी ठेवून बघा. मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवणाऱ्या बाईला हा आनंद फुकट मिळतो.

तुर्कस्तानात रमझानच्या रात्री इफ्तारनंतर लोक करागोझचा खेळ बघायला बसत. २००९ मध्ये युनेस्कोने त्याची नोंद आपल्या वारशाच्या यादीत केली. जावा बेटावर तर लाकडी बाहुल्यांचा एक सबंध प्रकार अमीर हमजाच्या दास्तानवर चालतो. आपल्या आजोबांनी दास्तान-ए-अमीर हमजा पुस्तकात वाचली, जावाच्या मुसलमान शेतकऱ्याने ती बाहुल्यांतून पाहिली.

आणि इतक्या लांब जायची तरी काय गरज? सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे ताबूत बघा. मोहरममध्ये बांबू, दोरा, चिकणमाती आणि रंगीत कागद यांनी उभे केलेले ते उंचच उंच मनोरे. हिंदू-मुसलमान दोघंही ते बांधतात, आणि भेटीच्या दिवशी बघायला लांबून लोक येतात. ताबुतांवरही आक्षेप घेणारे आपल्यात आहेतच, तो वेगळा वाद. माझं म्हणणं एवढंच की कागद, खळ, बांबू आणि कात्री ही आमच्या हातांना परकी नाहीत. मोहरममध्ये अंगावर पिवळे-काळे पट्टे ओढून वाघ होऊन नाचणाऱ्यांचे आजे-पणजे आम्हाला आठवतात. सोंगही परकं नाही. मग वीतभर बकरीचीच भीती का?

दादीने सगळं ऐकून घेतलं. जाताना फक्त म्हणाली, “इसकू रात में ढांप के रखती मैं.” मी म्हटलं, ठेवा झाकून. आयेशांच्या बाहुल्यांवरही पडदा होताच.

आता झाकिर हुसेन यांच्याकडे परत यायला हवं, कारण आमची बकरी आणि महाराष्ट्र यांना जोडणारा खरा दुवा तेच आहेत. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली. पुस्तकी शिक्षणाऐवजी एखाद्या हस्तव्यवसायाभोवती शिक्षण गुंफावं, ते मातृभाषेत असावं, असा विचार होता. त्याची योजना तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाकिर हुसेन. जामिया मिलियाचे कुलगुरू, हैदराबादेत जन्मलेले, जर्मनीत शिकलेले. सदस्यांत विनोबा होते, काकासाहेब कालेलकर होते, ख्वाजा गुलाम सैयदैन होते. डिसेंबरात अहवाल आला. सूतकताई, सुतारकाम, शेती, पुठ्ठ्याचं काम, चामड्याचं काम. हाताने करता करता गणित, भूगोल, भाषा शिकायची. यालाच पुढे नई तालीम, बुनियादी शिक्षण म्हटलं गेलं.

इथे इतिहासातली एक विचित्र गोष्ट घडली. मुस्लिम लीगने १९३८ मध्ये काढलेल्या पीरपूर अहवालात मध्य प्रांतातल्या विद्यामंदिर योजनेबरोबर या वर्धा योजनेवरही हल्ला चढवण्यात आला. मुसलमान मुलांना त्यांच्या संस्कृतीपासून तोडणारी योजना, असा सूर होता. म्हणजे एका मुसलमान शिक्षणतज्ज्ञाने अध्यक्षपदावरून तयार केलेली, हाताला काम देणारी योजना ‘आपली नाही’ ठरली. विद्यामंदिर या नावाबद्दलचा राग मी समजू शकते. पण चरखा, पुठ्ठा आणि चामडं यांचा धर्म काय असतो? उलट विणकर, शिंपी, रंगारी, कासार, शिकलगार ही तर निम्मीअधिक आपलीच वस्ती. ज्या समाजाच्या हातात एवढी कसबं होती, त्याच्या मुलांना शाळेत त्याच कसबातून शिकण्याची संधी आली आणि राजकारणाच्या धुरळ्यात ती निघून गेली. पुढे नई तालीम देशभरातच थंडावली, तिची कारणं अनेक होती. तरी आपल्या बाजूने पहिला दरवाजा कुणी लावला हे लक्षात ठेवावं लागतं.

साताऱ्यात हाच विचार वेगळ्या वाटेने आधीच आलेला होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची आणि स्वतः राबून शिकायची. १९२७ मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आम्ही सातारकर इतक्या वेळा ऐकतो की त्यातला राबणारा हात आम्हाला दिसेनासा होतो. त्या वसतिगृहांत शिकलेले आपल्या समाजातले वडीलधारे आजही भेटतात. त्यांच्या बोलण्यात ‘आपल्यात चालत नाही’ हे वाक्य फारसं येत नाही, असा माझा अनुभव आहे.

नाटकाच्या दिवशी एक गोष्ट आम्ही कुणीच ठरवलेली नव्हती. हातबाहुलीचा पडदा लहान, मागे दोघंच मावतात. त्यामुळे चांदनी आणि लांडगा दोन्ही एकाच मुलीच्या हातांवर आले. उजव्यात लांडगा, डाव्यात बकरी. तीच मुलगी, जिची दादी आली होती. झटापटीचा प्रसंग ठरल्यापेक्षा बराच लांबला. उजवा हात साहजिकच जास्त जोरकस, पण ती डाव्याला हरू देईना. मागे अजान म्हणायला उभ्या केलेल्या मुलाने दोनदा माझ्याकडे बघितलं. शेवटी डावा हात हळूहळू पडद्याच्या कडेवर आडवा झाला, आणि उजवाही तिथेच थांबला, हलेना. लांडगा जिंकून पुढे काय करतो हे तिला दाखवायचंच नव्हतं. पाखरांनी मराठीत वाद घातला. म्हाताऱ्या पाखराचं वाक्य आलं तेव्हा मागच्या रांगेतून बुरख्यातली एक बाई मोठ्याने “सही बोला” म्हणाली आणि सगळे हसले.

दोदेची गोष्ट उर्दूत आली तेव्हा देश गुलामीत होता, आणि वाचणाऱ्यांना लांडगा कोण हे वेगळं सांगावं लागत नव्हतं. आज आमच्या मुलांना तो कोण वाटतो हे मी विचारलं नाही. लांडगा मुका ठेवल्याचा तेवढा फायदा झाला.

अलीकडे सरकारलाही बाहुल्या आठवल्या आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानंतर खेळण्यांतून शिक्षणाचा बोलबाला झाला, आणि २०२३ मध्ये केंद्राने लहान मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ नावाची पेटी आणली. त्यात पुस्तिका, कोडी, खेळणी आणि बाहुल्याही आहेत. चांगलं आहे. पण तयार बाहुली पेटीतून काढून हातात घालणं आणि घोंगडीचा तुकडा घरून मागून आणणं यात मला बराच फरक दिसतो. झाकिर साहेबांच्या समितीला अभिप्रेत होतं ते दुसरं.

काही शिक्षकांनी माप विचारलं होतं, म्हणून इथेच देते. मुलाचा हात कागदावर ठेवा. अंगठा आणि मधलं बोट बाहेर पसरलेलं, तर्जनी सरळ वर. बाकीची दोन बोटं तळव्यात मिटलेली. भोवती पेन्सिलीने रेघ मारा आणि तिच्याबाहेर दोन बोटं जागा सोडून कापा. कमी सोडली तर हात अडकतो आणि मूल चिडतं. असे कापडाचे दोन तुकडे उलटे जोडून शिवा, मनगटाकडची बाजू उघडी ठेवा, मग सुलटं करा. मानेसाठी जाड पुठ्ठ्याची नळी, मुलाची तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत जाईल एवढी. डोकं त्या नळीवर बसवायचं, लगदा पूर्ण वाळल्यावरच. साताऱ्यात पावसाळ्यात हे करायला जाऊ नका, आठवडाभर वाळत नाही आणि बुरशी येते. डिसेंबर उत्तम.

डोळ्यांना बटणं लावा. आमच्या बकरीचे दोन डोळे दोन वेगवेगळ्या शर्टांचे होते, आणि पडद्यावर ते कुणाच्याही लक्षात आलं नाही.